व्हिसा हवा की विसावा? लोणी काळभोरला बांधूया जगातली सर्वात ‘कूल’ वकिलात!

मे महिन्याचा मध्य. भर दुपार. लोणी काळभोरच्या चौकात ताठ उभे राहा आणि खाली बघा. तुमची सावली कुठाय?

गायब!

माहीत आहे का? १३ मेच्या आसपास पुणे परिसरात सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो. हा ‘शून्य सावली दिवस’. जुलैच्या अखेरीस तो पुन्हा एकदा येतो, पण तेव्हा ढगांमुळे आपल्याला पत्ताच लागत नाही.

आता एक धमाल खेळ खेळूया. समजा, एखाद्या देशाने ठरवलं की आपली वकिलात लोणी काळभोरला बांधायची. अट एकच: विजेचं बिल कमीत कमी! मग कुणाकुणाची युक्ती उचलायची? दिल्ली, लंडन, बर्लिन, अदिस अबाबा, शनिवारवाडा आणि शेजारचं हडपसर! पट्टा बांधा मंडळी, फेरफटका सुरू.

आधी गावाचा बायोडेटा

वकिलात तर काल्पनिक, पण लोणी काळभोर अस्सल आहे आणि त्याचा बायोडेटा एकदम तगडा!

राज कपूर यांची ‘राजबाग’ इथलीच, मुळा-मुठेच्या काठावरची. ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’चं चित्रीकरण याच परिसरात झालं.

त्याच राजबागेत आज एमआयटीचं विद्यापीठ आहे आणि तिथे उभा आहे एक अवाढव्य घुमट. व्यास १६० फूट! विजापूरच्या गोल घुमटालाही मागे टाकणारा. २ ऑक्टोबर २०१८ रोजी तेव्हाचे उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडू यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं आणि त्याला नाव मिळालं संत ज्ञानेश्वरांचं.

आणि ऊर्जा? ती तर गावाच्या पोटातून वाहते. मुंबईहून निघून सोलापूरकडे जाणारी पेट्रोल-डिझेलची पाइपलाइन लोणीला थांबा घेते. तेल कंपन्यांची मोठमोठी टर्मिनल इथेच आहेत. पुण्यातल्या कितीतरी गाड्यांच्या टाकीतलं इंधन आधी लोणीचं पाणी पिऊन आलेलं असतं म्हणा ना!

अशा इंधनाच्या गावात ऊर्जा वाचवणारी वकिलात? नंबर वन जागा!

परदेशी जमीन? छे!

माहीत आहे का? वकिलातीचं आवार म्हणजे ‘त्या देशाची जमीन’ हा समज साफ चुकीचा आहे. जमीन यजमान देशाचीच राहते.

मग फरक काय? १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं कलम २२. वकिलातीच्या प्रमुखाच्या संमतीशिवाय यजमान देशाचा कुणीही अधिकारी आत पाऊल टाकू शकत नाही. पोलीस नाही, अग्निशमन दल नाही, इमारत नियमात बसते का बघायला आलेले साहेबही नाहीत! म्हणजे इथे ऊर्जा वाचवायची ती निव्वळ स्वतःच्या मर्जीने. म्हणूनच जे देश हे मनावर घेतात, त्यांचं मला खरंच कौतुक वाटतं.

अर्थात, त्यात स्वार्थही आहे. शहरात दंगल होवो, पूर येवो, ग्रिड कोसळो, वकिलातीचे दिवे चालूच राहायला हवेत. त्यासाठी जनरेटर आणि डिझेलचा साठा आलाच. आता साधं गणित बघा. इमारतीची भूक निम्मी केली, तर तेच डिझेल दुप्पट दिवस पुरतं. इथे बचत आणि सुरक्षा एकाच दगडात!

पण सुरक्षेचा एक उलटा फटकाही आहे. १९९८ मध्ये नैरोबी आणि दार-ए-सलाम इथल्या अमेरिकी वकिलातींवर बॉम्बहल्ले झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेने कायदा केला, की नव्या वकिलातीची इमारत कुंपणापासून १०० फूट आत हवी. काचा जाडजूड आणि स्फोट सोसणाऱ्या, खिडक्या बेताच्याच आणि बहुतेक न उघडणाऱ्या. म्हणजे वारा बंद, उजेड कमी, दिवसाही दिवे!

आर्किटेक्टची खरी परीक्षा इथे लागते. ते मोकळे १०० फूट वाया घालवायचे, की तिथे झाडं, पावसाचं पाणी मुरवणारी तळी आणि सोलर पॅनल लावायचे? हुशार मंडळी दुसरा पर्याय घेतात.

लोणीचा सूर्य आणि लंडनचा सूर्य

चला, भूगोलाचा एक मिनिटाचा तास. लंडनमध्ये डिसेंबरातला दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर चढतो. लोणी काळभोरला तोच सूर्य त्याच दिवशी ४८ अंशांवर! आणि उन्हाळ्यात तर थेट टाळूवर.

म्हणजे काय, तर लंडनची डिझाइन लोणीत कॉपी-पेस्ट केली की खेळ खल्लास. आपल्याकडे उन्हाचा सगळ्यात मोठा मारा भिंतीवर होत नाही, तो छपरावर होतो. दक्षिणेच्या खिडकीवर नेटका छज्जा दिला की काम भागतं. पश्चिमेचा सूर्य मात्र खाली उतरून तिरपा घुसतो, त्याला छज्जा पुरत नाही. तिथे हवी झाडं, जाळी किंवा उभी पाती.

म्हणून आपल्या वकिलातीचा पहिला खर्च छपरावर. आणि छपराच्या गोष्टीत एक पुणेकर दडलाय!

न बांधलेली वकिलात आणि पुण्याचा मुलगा

माहीत आहे का? जगातल्या सर्वात प्रभावी वकिलातींपैकी एक कधी बांधलीच गेली नाही!

साल १९५९. थोर आर्किटेक्ट लुई कान याला अंगोलातल्या लुआंडा शहरात अमेरिकी वाणिज्य दूतावास बांधायचा होता. तिथलं ऊन इतकं प्रखर, की खिडकीकडे बघितलं तरी डोळे दिपावेत. कानच्या लक्षात आलं, की भिंतीवर पडलेला उजेड बघणं डोळ्यांना सुसह्य असतं, थेट आकाश बघणं नाही. मग त्याने ठरवलं, की खिडकीसमोर काही अंतरावर आणखी एक भिंत उभी करायची, मोठी भोकं असलेली आणि बिनकाचेची. छपरावरही दुसरं मोकळं छप्पर. खऱ्या घराभोवती जणू एक भग्न वास्तू गुंडाळायची! ऊन बाहेरच्या थरावर आपटणार, मधल्या फटीतून वारा उष्णता घेऊन जाणार.

प्रकल्प बारगळला, कल्पना मात्र वाचली. अहमदाबादच्या आयआयएमच्या त्या प्रचंड गोल भोकांच्या विटांच्या भिंती आठवतात? तिथे ती पुन्हा अवतरली. आणि कानला अहमदाबादला आणण्यात पुढाकार कुणाचा? बाळकृष्ण दोशी यांचा. जन्म १९२७, जन्मगाव पुणे! मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेल्या या माणसाला २०१८ मध्ये प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला. वास्तुकलेतला हा सर्वोच्च सन्मान मिळवणारे ते पहिलेच भारतीय.

दोशींनी अहमदाबादेत स्वतःचा स्टुडिओ बांधला, ‘संगाथ’. अर्धा जमिनीत, वर कमानदार छप्पर, छपरात उष्णता अडवणारी मातीची पोकळ नळकांडी आणि सगळ्यात वर पांढऱ्या चिनी मातीच्या फुटक्या तुकड्यांची फरशी. हो, आपल्या गच्चीवर लावतात तीच चायना मोझॅक! पांढरा चकचकीत थर ऊन परतवून लावतो. फुटक्या तुकड्यांची कमाल बघा, अव्वल दर्जाचं छप्पर आणि कच्चा माल भंगारातला.

लोणीच्या वकिलातीचं छप्पर ठरलं! दोन थर, मध्ये वारा, वर पांढरी मोझॅक.

पुण्यात वकिलात नव्हती? कोण म्हणतं!

आज पुण्यात वकिलात नाही, कारण वकिलाती राजधानीत असतात. पण अठराव्या शतकात राजधानी कुठली होती? अहो, पुणेच की!

१७८६ मध्ये चार्ल्स मॅलेट नावाचा इंग्रज पेशव्यांच्या दरबारात रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा वकील, म्हणून आला. त्याने मुळा आणि मुठा नद्यांच्या संगमावर आपलं आवार थाटलं. दोन बाजूंना पाणी, भोवती बाग, गर्दीच्या शहरापासून दूर. जागा निवडण्यातच अर्धं वातानुकूलन उरकलं! उन्हाळ्यात पुण्याला संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटतो, आणि नदीकाठच्या झाडांतून येताना तो आणखी सुखद होतो.

एसी नव्हता, पण त्या काळच्या इंग्रजांचं सामान माहीत आहे का? दारा-खिडक्यांवर वाळ्याचे ओले पडदे. त्यातून वारा आला की पाण्याची वाफ होते आणि ती वाफ हवेतली उष्णता खाते. विजेशिवाय थंडावा, वर सुगंध फ्री!

याच मॅलेटच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रकला शिकवण्याची सोय झाली. गंगाराम तांबट हा पुणेकर चित्रकार त्यातूनच पुढे आला. त्याने वेरूळची लेणी रेखाटली आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडाही! ऊर्जेशी संबंध शून्य, पण गेंड्याला वगळायचं कसं?

संगमावरच्या या आवाराचा शेवट मात्र आगीत झाला. ५ नोव्हेंबर १८१७, खडकीच्या लढाईचा दिवस. पेशव्यांच्या फौजेने रेसिडेन्सी जाळली. तेव्हाचा रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आधीच नदी ओलांडून निसटला होता, पण त्याची पुस्तकं आणि कागदपत्रं खाक झाली.

आणि आपली माणसं लंडनला? थेट ग्रीनहाउसमध्ये!

आता या पानावरचा माझा सर्वात लाडका किस्सा.

१७८१ मध्ये राघोबादादांनी आपला माणूस थेट लंडनला धाडला. नाव हनुमंतराव. सोबत मणियार रतनजी आणि त्यांचा मुलगा, दोघे पारशी. काम राजकारणाचं, पण अडचण स्वयंपाकाची! हनुमंतराव ब्राह्मण, सोवळ्यातला. स्वतः रांधणार, स्वतःच्या पद्धतीने स्नान-पूजा करणार. लंडनच्या भाड्याच्या खोलीत हे जमायचं कसं?

मदतीला धावला एडमंड बर्क. होय, पुढे वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालवणारा तोच नामांकित खासदार. त्याने या पाहुण्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेलं आणि राहायला दिलं बागेतलं ग्रीनहाउस, म्हणजे थंडीत नाजूक झाडं जगवायचं काचघर!

विचार करा. लंडनला गेलेली पेशवाईतली अगदी सुरुवातीची एक शिष्टाई खऱ्याखुऱ्या ‘ग्रीन’ इमारतीत राहिली. काचेतून ऊन आत येतं, तापलेल्या जमिनीची ऊब मात्र काच सहज बाहेर सोडत नाही. कोळसा न जाळता उबारा! इंग्लंडच्या गारठ्यात पुण्याकडच्या माणसाला याहून चांगली जागा कुठली मिळणार होती?

(परत आल्यावर समुद्र ओलांडल्याबद्दल हनुमंतरावांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. ते वेगळंच प्रकरण, लेख त्याला पुरायचा नाही.)

पण हीच युक्ती पुण्याच्या हवेत उलटते. इथे सगळीकडून काचेचा ठोकळा बांधला, की काचघर तयार. आत माणसं शिजणार आणि त्यांना गार ठेवायला एसीची फौज लागणार. आपल्या आयटी पट्ट्यात असे ठोकळे चिक्कार झालेत. ते बघून मला मनापासून वाईट वाटतं, कारण या गावाची हवा मुळात इतकी चांगली आहे!

काच हवीच? मग लंडनचा झगा घ्या

अमेरिकेची लंडनमधली नवी वकिलात जानेवारी २०१८ मध्ये नाइन एल्म्स भागात सुरू झाली. आकार काचेच्या घनाचा. मग ती तापत कशी नाही?

तिला झगा आहे! तीन बाजूंना ईटीएफई नावाच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या शिडासारख्या झडपा लावल्यात. ऊन गाळलं जातं, उजेड आणि दृश्य शाबूत. उत्तरेला झगा नाही, कारण लंडनमध्ये उत्तरेचं ऊन त्रास देत नाही. बीजिंग ऑलिंपिकमधला बुडबुड्यांचा तरणतलाव आठवतो? तेच मटेरियल.

इमारतीशेजारी सुंदर तळं आहे. दिसायला शोभेचं, पण कामं दोन: पावसाचं पाणी सांभाळायचं आणि गाडी घेऊन घुसू पाहणाऱ्याला अडवायचं. किल्ल्याच्या खंदकाची कल्पना, फक्त मगरी वजा!

बरं, अमेरिकेच्या लंडनमधल्या जुन्या जागेचा किस्सा माहीत आहे का? जुनी वकिलात होती ग्रोव्हनर स्क्वेअरमध्ये. जमिनीचा मालक ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर. अमेरिकेने जमीन विकत मागितली, तेव्हा असं सांगतात, की सरदारसाहेब म्हणाले, ‘देतो, पण अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धानंतर तुम्ही जप्त केलेली आमच्या घराण्याची फ्लोरिडातली जमीन आधी परत द्या!’ शेवटी मिळाला तो ९९९ वर्षांचा भाडेपट्टा.

९९९ वर्षं! ऐकल्यासारखं वाटतंय? मग मुंबईला चला.

ब्रीच कँडी ते हडपसर: ७५० कोटींचा प्रवास

ब्रीच कँडीला समुद्रासमोर ‘लिंकन हाउस’ आहे. मूळचा वांकानेरच्या महाराजांचा राजवाडा. आर्किटेक्ट क्लॉड बॅटली, जे. जे. स्कूल ऑफ आर्किटेक्चरचे प्राचार्य. १९५७ मध्ये अमेरिकेने तो भाडेपट्ट्यावर घेतला. किती वर्षांसाठी? बरोबर! ९९९.

नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकी वाणिज्य दूतावास वांद्रे-कुर्ला संकुलात हलला. चार वर्षांनी, २०१५ मध्ये, लिंकन हाउसचा सौदा जाहीर झाला. रक्कम ७५० कोटी रुपये. खरेदीदार? सायरस पूनावाला. म्हणजे आपल्या लोणीचे शेजारी, हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटचे! पुढे हा सौदा सरकारी परवानगीच्या गुंत्यात वर्षानुवर्षं अडकला.

बॅटलीसाहेबांची आणखी एक करामत: मलबार हिलवरचा जिना यांचा बंगलाही त्यांनीच बांधला. स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षं तिथे कोण राहिलं? ब्रिटिश उपउच्चायुक्त! एकाच आर्किटेक्टची दोन घरं, दोन्ही परदेशी मुत्सद्द्यांच्या ताब्यात.

जाळी जिंदाबाद

दिल्लीच्या शांतिपथावर जानेवारी १९५९ मध्ये एक पांढरीशुभ्र इमारत खुली झाली आणि जगभरातले आर्किटेक्ट बघत राहिले. अमेरिकी वकिलात, आर्किटेक्ट एडवर्ड ड्युरेल स्टोन.

स्टोनने काय केलं? आपलीच युक्ती आपल्याला सूट-बूट घालून परत दिली! चारही बाजूंना जाळीच्या भिंती, मधोमध पाण्याचा चौक, त्यावर ऊन गाळणारं आच्छादन. वरचं रुंद छप्पर भिंतींच्या बरंच बाहेर आलेलं आणि छप्पर-छतामध्ये हवा खेळायला मोकळी जागा. उन्हात छत्री धरून उभ्या असलेल्या माणसासारखी ही इमारत.

जाळी काम कशी करते? ऊन अडतं ते काचेच्या बाहेर, आणि सगळी गंमत या ‘बाहेर’मध्ये आहे. एकदा ऊन काचेच्या आत आलं, की मग कितीही जाड पडदा लावा, उष्णता खोलीतच राहते. म्हणून घरातल्या महागड्या पडद्यापेक्षा खिडकीबाहेरची बांबूची चीक भारी पडते. घरी करून बघा!

आणि टोपणनाव? फ्रँक लॉइड राइट या महान आर्किटेक्टने या इमारतीला म्हटलं ‘ताज मारिया’. मारिया हे स्टोनच्या बायकोचं नाव!

अथेन्सची अमेरिकी वकिलात १९६१ची, वॉल्टर ग्रोपियस या थोर आर्किटेक्टची. तिच्याही मधोमध काय? चौक! नाना फडणवीसांच्या वाड्यात आरामात शोभला असता.

चौकाचं विज्ञान सोपं आहे. रात्री थंड जड हवा चौकात उतरते आणि भोवतीच्या ओसऱ्यांत साठते. जाड भिंती रात्रभर गार होतात आणि दुपारपर्यंत तो गारवा सोडत नाहीत. पुणे परिसरात एप्रिलमध्ये दिवस चांगलाच तापला तरी रात्र बऱ्यापैकी निवते. ही तफावत म्हणजे आपल्याला मिळालेला खजिना. मुंबईकडे तो नाही!

पंप? कशाला?

माहीत आहे का? शनिवारवाड्यातली कारंजी विजेविना आणि पंपाविना उडायची!

१७५०च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधला आणि तिथून जमिनीखालून नळ आणला. कात्रज उंचावर, वाडा खाली. बाकी सगळं गुरुत्वाकर्षण बघून घेणार! वाटेत हवा आणि दाब सांभाळायला ठिकठिकाणी बांधलेले ‘उच्छ्वास’. काळा हौद, बदामी हौद अशा हौदांत पाणी भरायचं आणि पेठांची तहान भागायची. सवाई माधवरावांसाठी बांधलेल्या सोळा पाकळ्यांच्या हजारी कारंज्यालाही पाणी कात्रजचंच.

शून्य युनिट! आजच्या इमारतीत पाणी चढवायला रोज मोटर चालते, हे ध्यानात घेतलं की नानासाहेबांना कडक सलाम ठोकावासा वाटतो.

पाण्यावरून अदिस अबाबा आठवलं. तिथल्या डच वकिलातीचं छप्पर म्हणजे चक्क उथळ तळं! पाऊस आला की वर पाणी साचतं आणि हॉलंडची आठवण येते. इमारत तिथल्या लाल मातीच्या रंगाची, निलगिरीची झाडं वाचवून बांधलेली. २००७ मध्ये तिला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला.

झटपट जगभर

बर्लिन: डेन्मार्क, फिनलंड, आइसलंड, नॉर्वे, स्वीडन या पाच देशांच्या वकिलाती एकाच आवारात! १९९९ पासून. भोवती तांब्याच्या हिरव्या पात्यांचा पट्टा, उजेड हवा तेवढा आत घेणारा. पाच कुंपणांऐवजी एक, पाच सभागृहांऐवजी एक. ही बचत कुठल्याही यंत्राहून मोठी.

वॉशिंग्टन: फिनलंडच्या वकिलातीला २०१० मध्ये हरित इमारतीचं ‘लीड’ गोल्ड मानांकन मिळालं, पुढे प्लॅटिनम. आणि तिच्या तळघरात काय आहे? सौना! ऊर्जा वाचवा, पण घाम गाळा.

दिल्ली: बेल्जियमची विटांची कमानदार वकिलात सतीश गुजराल यांची. ते मूळचे चित्रकार, आर्किटेक्टची पदवी नाही, लहानपणापासून ऐकू येत नव्हतं. इमारत मात्र अशी, की बघणाऱ्याची बोलती बंद!

न्यूयॉर्क: संयुक्त राष्ट्रांतल्या भारताच्या कायमस्वरूपी कार्यालयाची लालसर इमारत १९९२ ची, गोव्याचं मूळ असलेल्या मुंबईकर चार्ल्स कोरिआ यांची. इमारतीचा आकार हवामानाने ठरवावा, हा त्यांचा लाडका सिद्धांत. त्यांचंच काम पुण्यात बघायचं? ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था आहे की!

शेजारी बघा, शेजारी!

एवढं जग फिरलो, पण लोणीहून सोलापूर रस्त्याने पुण्याकडे निघालं की हडपसर. तिथे मगरपट्ट्यासमोर ‘वन अर्थ’, सुझलॉन या पवनचक्की कंपनीसाठी बांधलेलं मुख्यालय. ‘लीड’ प्लॅटिनम आणि भारताच्या स्वतःच्या ‘गृह’ पद्धतीचे पाचही तारे!

आर्किटेक्ट क्रिस्टोफर बेनिंजर. जन्माने अमेरिकन, मनाने पक्के पुणेकर. १९७०च्या दशकात इथे आले आणि २०२४ मध्ये पुण्यातच गेले.

आवारात छोट्या पवनचक्क्या आणि सोलर पॅनल मिळून सुमारे १५४ किलोवॉटची सोय. भिंतींवर ॲल्युमिनियमची पाती, ऊन अडवणारी आणि उजेड सोडणारी. कामाच्या ९० टक्क्यांहून अधिक जागांना दिवसा नैसर्गिक प्रकाश. आणि आवाराच्या मध्यभागी? ब्रह्मस्थान आणि दीपमाळ! जेजुरीची आठवण यावी अशी कल्पना, तीही कॉर्पोरेट ऑफिसात.

आमच्या काल्पनिक राजदूतांनी पहिली भेट इथेच द्यावी.

एसी लागणारच! मग हे माहीत हवं

कितीही जाळ्या लावा, मे महिन्यात सर्व्हरच्या खोलीला एसी लागणारच. पण एसीचा ‘टन’ म्हणजे काय, माहीत आहे का? एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी क्षमता. म्हणजे दीड टनाचा एसी चोवीस तास चालवला, की रोज दीड टन बर्फाच्या लाद्या बेडरूममध्ये आणण्याचं काम!

थर्मोस्टॅट एक अंशाने वर नेला, की सुमारे ६ टक्के वीज वाचते. म्हणूनच २०२० पासून भारतात स्टार लेबलचे नवे खोलीचे एसी सुरू होताना २४ अंशांवरच सुरू होतात. १८ वर नेणारं बोट आपलंच!

आणखी एक गुगली: सोलर पॅनलला ऊन आवडतं, उष्णता नाही. पॅनलचं तापमान २५ अंशांच्या वर गेलं, की प्रत्येक अंशाला वीज साधारण ०.४ टक्क्यांनी घटते. म्हणून पॅनल छपराला चिकटवू नका, खालून वारा जाऊ द्या. पॅनल गार, छपराला सावली, डबल धमाका.

आता सांगा, वकिलातीत सर्वात जास्त ऊन कोण खातं? राजदूत नाही. बाहेरच्या रांगेतली माणसं! नातवाच्या बारशाला निघालेले आजी-आजोबा, हातात फाइल धरलेले विद्यार्थी आणि त्यांना सोडायला आलेलं अख्खं घर. वकिलातीच्या नकाशात ही रांग सगळ्यात शेवटी येते. माझ्या मते ती सगळ्यात आधी यायला हवी.

म्हणून लोणीच्या आवारात गेटपासून काउंटरपर्यंत सोलर पॅनलचाच मांडव. समजा, ३००० चौरस फूट. एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट लागतात, म्हणजे ३० किलोवॉट. पुण्याच्या उन्हात किलोवॉटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट, म्हणजे रोज १२० युनिट. दीड टनाचे डझनभर एसी ऑफिसच्या वेळेत चालतील इतकी वीज! खाली रांगेला सावली, बसायला दगडी कट्टे, कोपऱ्यात पाण्याचे माठ. आणि १३ मेच्या दुपारी, स्वतःची सावली गायब झालेली असताना, आजींच्या डोक्यावर ३० किलोवॉटची सावली!